न रंगलेला वग

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1884 मध्ये ‘रामराज्यवियोग’चे तीनच अंक रंगभूमीवर आणले, पुढच्या वर्षी ते गेले आणि नाटक अपुरेच राहिले. गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ही अपुरेच, पण त्यांच्या मागे ते छापून निघाले, म्हणून आजही वाचता येते. तमाशातल्या वगाला एवढीही सोय नाही.

गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम जुन्नर-आंबेगावातल्या जत्रेकरूला पाठ असतो. वग लिहिला जातो तो फडासाठी: सोंगाड्या कोण, गाणारी कोण, हे बघून. शिवाय निम्मे संवाद बोर्डावर उभे राहिल्यावरच सुचतात. छापील संहिता अपवादानेच. त्यामुळे जो वग फडाने उभाच केला नाही, तो लिहिणाऱ्याच्या वहीत राहतो.

आंबेगावला लागूनच असलेल्या शिरूर तालुक्यातल्या कवठ्याचे बशीर मोमीन कवठेकर (1947–2021) यांनी अनेक फडांना गाणी आणि वग पुरवले. 2018 मध्ये त्यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. गाणी लोकांच्या तोंडी राहिली. वगांचे तसे होत नाही, रात्रभराचा ऐवज कोण पाठ करणार?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावकारभारी येऊन सुपारी ठरवतात. 2020 आणि 2021 मध्ये करोनाने जत्राच बंद पाडल्या. बोर्डच लागला नाही, तिथे नवा वग कुठून उभा राहणार!