मिडी वाद्यजोडणी आणि स्वरांचा विलंब

अनेक धर्मग्रामांतील गायकवृंद कीबोर्डच्या साथीने गातात. एका कीबोर्डवरून दुसरे वाद्य किंवा संगणक वाजवण्यासाठी १९८३ साली प्रचारात आलेली ‘मिडी’ ही पद्धत वापरली जाते. मात्र जोडणी सदोष असल्यास पट्टी दाबल्यावर स्वर किंचित उशिरा उमटतो. त्यामुळे वादक अडखळतो, गायक मागे रेंगाळतात आणि भाविकांचे समूहगान विस्कळीत होते. अशा वेळी दोष वादकाचा की जोडणीचा, हे आधी पाहावे.

मिडीच्या केबलमधून ध्वनी जात नाही. कोणता स्वर किती जोराने वाजवला, एवढाच संदेश जातो. त्याचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असतो. एका स्वराच्या संदेशास सुमारे १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागतो. संदेश एकामागोमाग जात असल्याने दहा स्वर एकदम दाबल्यास शेवटचा संदेश पोहोचेपर्यंत ७ ते १० मिलिसेकंद जातात. एवढा विलंब सहसा खटकत नाही. इतर विलंबांची त्यात भर पडली की तो जाणवू लागतो.

ही भर टाळण्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. अनेक वाद्ये एकापुढे एक जोडू नयेत. लांब साखळीत संदेश बिघडण्याची शक्यता वाढते. ‘थ्रू बॉक्स’ वापरून प्रत्येक वाद्याला स्वतंत्र केबल द्यावी. केबल १५ मीटरपेक्षा लांब नसावी.

२. संगणकातून ध्वनी घेत असल्यास ‘बफर’ तपासावा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीने १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद घेतो, तर २५६ नमुन्यांचा केवळ ६. बफर फारच लहान केल्यास आवाज तुटतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने कमी करावा.

३. वाजवताना ब्लूटूथ स्पीकर वा हेडफोन वापरू नयेत. त्यांचा विलंब सहज जाणवण्याइतका असतो.

४. वादकाजवळ स्वतंत्र स्पीकर ठेवावा. ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. स्पीकर दहा मीटर दूर असल्यास जोडणी निर्दोष असूनही स्वर सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो.

सरावाच्या दिवशीच प्रथम कीबोर्ड एकटा वाजवून पाहावा आणि मग एकेक उपकरण जोडत जावे. ज्या टप्प्यावर विलंब जाणवेल, तेथेच दोष शोधावा. असे केल्यास नवे उपकरण विकत घेण्याचा अनावश्यक खर्चही बहुधा टळतो.