दूरध्वनीद्वारे रुग्णपाठपुरावा

दूरध्वनीद्वारे रुग्णपाठपुरावा म्हणजे घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णाशी ठरलेल्या वेळी दूरध्वनीवरून संपर्क साधून त्याच्या प्रकृतीची नोंद ठेवण्याची पद्धत होय. साध्या विचारपुशीहून ती वेगळी आहे. यात प्रश्न निश्चित असतात, उत्तरे नोंदवली जातात आणि धोक्याचे चिन्ह आढळल्यास पुढे कोणी काय करायचे हेही आधीच ठरलेले असते.

महाराष्ट्रातील वापर

भारत सरकारच्या २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्यास मान्यता दिली. कोविड-१९ च्या साथीत सौम्य लक्षणांच्या रुग्णांना गृहविलगीकरणाची मुभा मिळाली. मुंबईत महानगरपालिकेच्या २४ विभागांतील वॉर रूममधून अशा रुग्णांशी संपर्क ठेवला जाई. ग्रामीण भागात हा भार मुख्यतः आशा स्वयंसेविका व प्राथमिक आरोग्य केंद्रांवर होता. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने संसर्गाचे प्रमाण अधिक असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

क्षयरोग नियंत्रणातील ‘९९ डॉट्स’ या पद्धतीत संपर्काची दिशा उलट असते. गोळी पाकिटातून काढल्यावर तिच्यामागे छापलेला क्रमांक दिसतो. रुग्ण त्यावर विनामूल्य मिस्ड कॉल देतो. कॉल न आल्यास आरोग्य कर्मचारी चौकशी करतात. मात्र कॉल आला म्हणजे गोळी घेतलीच, असे खात्रीने म्हणता येत नाही.

कार्यपद्धती

‘कसे वाटते?’ या प्रश्नाला बहुधा ‘बरे आहे’ असेच उत्तर मिळते. म्हणून ताप किती, धाप लागते का, जेवण व लघवी नेहमीप्रमाणे आहे का, औषधाच्या किती गोळ्या उरल्या, असे नेमके प्रश्न विचारावे लागतात. कोविडच्या काही रुग्णांत धाप न जाणवताही रक्तातील ऑक्सिजन घटत असे. त्यामुळे पल्स ऑक्सिमीटरवरील आकडा विचारणे महत्त्वाचे ठरले. तो ९४ टक्क्यांच्या खाली गेल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेण्याची सूचना होती.

मर्यादा

नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या ग्रामीण तालुक्यात घरातील एकमेव मोबाइल कामावर गेलेल्या व्यक्तीजवळ असू शकतो. अशा वेळी रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या तोंडून मिळते. वृद्ध, ऐकू कमी येणारे आणि एकटे राहणारे रुग्ण या पद्धतीतून सहज निसटतात. फोन उचलला न जाणे ही केवळ ‘संपर्क झाला नाही’ अशी नोंद करून सोडण्याची बाब नसते. जो रुग्ण उत्तर देऊ शकत नाही, त्याचीच प्रकृती सर्वाधिक गंभीर असण्याची शक्यता असते. त्यामुळे त्याच दिवशी कोणीतरी घरी जाऊन पाहण्याची व्यवस्था आवश्यक ठरते.

काही तपासण्या फोनवर होऊच शकत नाहीत. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशा स्वयंसेविका ४२ दिवसांत सहा गृहभेटी देऊन नवजात बालकाचे वजन व तापमान पाहते. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या कार्याने नवजात बालकांच्या अशा घरोघरी काळजीचे महत्त्व दाखवून दिले. दूरध्वनी गृहभेटीला पूरक ठरतो, तिची जागा घेत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.