चुंका, पाचाक, वारांका

पेद्रो सिएसा दे लिओन हा स्पॅनिश सैनिक आणि बखरकार १५५० च्या सुमारास पेरूच्या डोंगराळ भागातल्या हाउहा खोऱ्यात आला. इंका लोक दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवतात हे त्याच्या कानावर आले होते, पण ते त्याला पटत नव्हते. मार्काविल्काचा प्रमुख ग्वाकारापोरा याने आपल्या हिशेबनिसांना बोलावून घेतले. स्पॅनिश सेनानी पिझारो खोऱ्यात आल्या दिवसापासून आपल्या लोकांनी स्पॅनिशांना काय काय दिले, ते त्यांनी दोऱ्यांवरून वाचून दाखवले. सोने, चांदी, कपडे, मका, जनावरे, काहीच सुटले नव्हते. सिएसा थक्क झाला आणि तसे त्याने लिहूनही ठेवले. पुढे १५६१ साली याच खोऱ्यातल्या प्रमुखांनी आपल्या दोऱ्यांवरचा हिशेब लिमाच्या न्यायालयापुढे मांडला. त्यात दिलेला माल वेगळा होता आणि स्पॅनिशांनी लुटून नेलेला वेगळा.

या दोऱ्यांना खिपू म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्याला खिपूकामायोक. खिपूवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्या गाठी ज्या भाषेच्या आधाराने मारल्या गेल्या, त्या केचुआ भाषेतली मोजणी सहसा तळटीपेत जाते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी.

हुक, इस्काय, किम्सा, तावा, पिच्का, सोक्ता, कान्चिस, पुसाक, इस्कोन, चुंका. हे एक ते दहा. शंभराला पाचाक, हजाराला वारांका. एवढे बारा शब्द आले की ९,९९९ पर्यंतची कोणतीही संख्या बोलता येते, कारण पुढे एकही नवा शब्द पाठ करावा लागत नाही. वीस म्हणजे इस्काय चुंका, दोन दहा. दहाच्या आधी येणारा अंक गुणायचा आणि नंतर येणारा मिळवायचा. मिळवायच्या अंकाला ‘योक’ हा प्रत्यय लागतो. त्याचा अर्थ ‘ते जवळ असलेला’. वासी म्हणजे घर, वासीयोक म्हणजे घर असलेला. त्याच चालीने तेवीस म्हणजे इस्काय चुंका किम्सायोक, पदरी तीन असलेले दोन दहा. शब्द व्यंजनात संपत असेल तर मध्ये ‘नी’ येतो, म्हणून अकरा म्हणजे चुंका हुक्नीयोक. त्रेपन्न, एकोणऐंशी, सदुसष्ट असे आकडे लहानपणी घोकून घोकून बसवलेल्या मराठी वाचकाला या नियमितपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

शेजारच्या आयमारा भाषेत तीन, पाच, सहा आणि दहा यांचे शब्द केचुआशी जुळतात, पण तिच्या सात आणि आठमध्ये पाचावर दोन आणि पाचावर तीन अशी जुनी बेरीज दडलेली दिसते. हाताच्या पंजाने मोजण्याची खूण तिथे शिल्लक आहे. केचुआत मात्र दहाचे राज्य पूर्ण आहे.

आणि ‘राज्य’ हा शब्द इथे शब्दशः घ्यावा. इंकांनी आपल्या प्रजेची कुटुंबे याच पायऱ्यांनी बांधली होती. दहा घरांवर एक चुंका कामायोक, मग शंभरांचा गट, हजारांचा, आणि सर्वांत वर दहा हजारांचा हुनू. प्रत्यक्षात कोणत्याही खोऱ्यात बरोबर हजार घरे कशी असणार? तरी रस्ते, पूल, शेती, सैन्य यांसाठी लागणारे श्रम याच हिशेबाने वाटले जात.

हाच दहाचा हिशेब गाठींत कसा उतरतो, हे कोडे सोडवले लीलँड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने, १९१२ साली. न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले खिपू तपासताना त्याला दिसले की गाठी दोरीवर थरांनी बसवलेल्या आहेत. वरच्या थरात शतक, त्याखाली दशक, टोकाजवळ एकक. समजा, एका दोरीवर वर तीन साध्या गाठी आहेत, मग थोडी मोकळी जागा, मग दोन साध्या गाठी, आणि खाली चार वेढ्यांची एक लांब गाठ. ही संख्या ३२४. शतक आणि दशक यांसाठी जितका अंक तितक्या साध्या गाठी मारायच्या; एककासाठी मात्र एकच लांब गाठ आणि अंकाइतके तिचे वेढे. एका वेढ्याची लांब गाठ साध्या गाठीसारखीच होईल, म्हणून एककातल्या एकासाठी इंग्रजी आठच्या आकाराची तिसरीच गाठ ठेवली आहे. शून्याची गाठ नाही. तिथे जागा मोकळी सोडलेली असते, आणि शेजारच्या दोऱ्यांशी ताडून पाहिले की ती ओळखता येते. एककाची गाठ वेगळी ठेवण्याचा आणखी एक फायदा होता. संख्या कुठे संपली ते बोटांना लगेच कळते, त्यामुळे एकाच दोरीवर एकाखाली एक अनेक संख्या मांडता येतात.

बेरीज-वजाबाकी गाठींवर होत नसे. होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९० साली लिहिले आहे की, हे लोक मक्याचे दाणे इकडून तिकडे हलवत अवघड हिशेब बिनचूक करतात. आलेले उत्तर मग दोरीवर चढे. लिमाजवळच्या पुरुचुको इथे सापडलेल्या खिपूंपैकी सात खिपू गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझीन या अभ्यासकांनी २००५ साली एकमेकांशी जुळवून दाखवले. खालच्या पातळीच्या खिपूंवरच्या संख्यांची बेरीज वरच्या पातळीच्या खिपूवर नोंदलेली होती.

याच अर्टन यांनी बोलिव्हियात सुक्रेच्या परिसरात विणकाम शिकत केचुआ भाषकांची मोजणी जवळून पाहिली. तिथे एकट्या पडलेल्या वस्तूला, जोडीतल्या एका चपलेला, ‘चुल्या’ म्हणतात. विषम संख्याही चुल्याच. सम संख्या म्हणजे चुल्यान्तिन, एकटा आपल्या जोडीदारासह. हा ‘न्तिन’ इंका साम्राज्याच्या नावातही आहे, तावान्तिनसूयू, एकत्र बांधलेले चार प्रदेश. संख्या म्हणजे सुटा आकडा नव्हे, तिला सोबत हवी असते, अशी ही समज आहे. मागावर धागे जोडीजोडीने मोजणाऱ्या बायका ती रोज वापरतात.

१५८३ च्या लिमाच्या धर्मपरिषदेने खिपू मूर्तिपूजेचे साधन ठरवून जाळण्याचा हुकूम काढला. तरी खेड्यापाड्यांत ते चालत राहिले. पेरूने १९७५ मध्ये केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला, पण बाजारातला भाव आणि सन सांगताना अनेक केचुआ भाषक स्पॅनिश आकड्यांकडे वळतात. बारा शब्दांत बसणारा हिशेब असा मागे पडावा याचे मला फार वाईट वाटते.

उलगड्याचे काम मात्र थांबलेले नाही. हार्वर्डमध्ये शिकत असताना मॅन्नी मेद्रानो या विद्यार्थ्याने पेरूच्या सांता खोऱ्यातले सहा खिपू आणि त्याच भागातली १६७० ची स्पॅनिश करनोंद शेजारी शेजारी ठेवली. नोंदीत १३२ करदाते होते आणि खिपूंवर सहा-सहा दोऱ्यांचे गट जवळजवळ तितकेच. अर्टन यांच्यासोबत त्याने हे काम २०१८ साली प्रसिद्ध केले. दोरी मुख्य दोरीला पुढून अडकवली आहे की मागून, यावरून तो करदाता गावाच्या दोन गटांपैकी कोणत्या गटातला हे कळत असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो टिकला, तर कर किती याच्या जोडीला तो कोणाचा, हेही दोरीवरून वाचण्याची वाट मोकळी होईल.