मज्जारज्जूचं पाणी तुटतं तेव्हा

रुग्णाच्या पायावर बर्फाचा खडा ठेवला तर त्याला गार लागत नाही. टाचणी टोचली तर काहीतरी टेकल्याचं कळतं, पण दुखत नाही. दोन्ही पाय लुळे पडलेत, बोटसुद्धा हलत नाही. आता त्याला डोळे मिटायला सांगा, पायाचा अंगठा हळूच वर किंवा खाली वळवा आणि कुठे वळवला ते विचारा. तो बिनचूक सांगतो! घोट्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क टेकवला तर त्याची थरथरही त्याला कळते. म्हणजे पायाकडून मेंदूकडे येणाऱ्या काही बातम्या ठार बंद आणि काही अगदी सुरळीत.

हा मज्जारज्जूचा पक्षाघात. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पक्षाघात होतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पाठीच्या मणक्यांमधून उतरणाऱ्या मज्जारज्जूचाही पुरवठा तसाच तुटू शकतो, हे फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. त्यात नवल नाही, कारण सगळ्या पक्षाघातांमध्ये याचं प्रमाण शंभरात एखादं, किंवा त्याहूनही कमी. तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला उभ्या असलेल्या कुणाच्या पाठीत अचानक कळ आली, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं झालं आणि तासाभरात पाय गेले, तर बोईसरमध्ये पहिला अंदाज ठरलेला: चमक भरली, नस दबली, मणक्यात गॅप आली. लघवी तुंबते तेव्हा कुठे प्रकरण वेगळं असल्याची शंका येते.

मज्जारज्जू हा अवयव आकाराने अगदी किरकोळ. लांबी जेमतेम 45 सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी, वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास. मानेखालच्या जवळजवळ सगळ्या शरीराचा कारभार एवढ्याशा दोरीतून चालतो. तिच्या पोटाकडच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एकच धमनी उतरते आणि दोरीचा पुढचा दोन-तृतीयांश भाग त्या एकटीच्या जिवावर असतो. पाठीकडच्या उरलेल्या एक-तृतीयांश भागाला मात्र दोन धमन्या, आणि त्यांचं आपसात जाळंही दाट. पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दोन, हे वाटप कुणी केलं कोण जाणे!

ही पुढची धमनी मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या तळाशी उगम पावते, पण तिथलं रक्त खालपर्यंत पुरत नाही. वाटेत तिला बाजूने येणाऱ्या छोट्या धमन्या भर घालतात. गर्भात अशा धमन्यांच्या एकतीस जोड्या असतात, म्हणजे प्रत्येक मज्जातंतूच्या जोडीला एक. मोठेपणी त्यांतल्या बहुतेक आटतात आणि पुढच्या धमनीला खऱ्या अर्थाने भर घालणाऱ्या दहाच्या आतच उरतात. त्यांतली सर्वांत मोठी छातीच्या खालच्या टोकाशी, बहुतेकांमध्ये डाव्या बाजूने येते. वर चढून ती एकदम आकड्यासारखी वळते आणि मुख्य धमनीला मिळते. क्राकूचे आल्बर्ट आदामकिएविच यांनी 1881-82 मध्ये तिचं बारकाईने वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर.

पालघर-डहाणूच्या शेतकऱ्याला ही रचना चटकन समजेल. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी कालव्याने येतं तेव्हा वरच्या शेतांची पाळी आधी भागते आणि टेलच्या शेतांना उरेल ते मिळतं. मज्जारज्जूत वरून आणि खालून येणारे दोन प्रवाह छातीच्या मधल्या भागात एकमेकांना भेटतात. दोन्हींचं टेल तिथेच, म्हणून रक्तदाब कोसळला की आधी तोच भाग सुकणार, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. पण हृदय बंद पडून गेलेल्या रुग्णांचे मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा सर्वाधिक नुकसान त्याच्या बरंच खाली, कमरेच्या भागात सापडलं. तिथे पाय चालवणाऱ्या पेशींची दाटी असते आणि त्यांना रक्त फार लागतं. म्हणजे टेलच्या शेताआधी उन्हाळी भाताचं खाचर करपलं! मला या विषयातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते: पाणी किती पोचतं याच्याइतकंच पीक किती पितं हेही पाहावं लागतं.

आता त्या अर्धवट बातम्यांचं कोडं सुटतं. वेदना आणि गरम-गार यांच्या तारा मज्जारज्जूच्या पुढच्या-बाजूच्या भागातून वर जातात, हालचालीचे हुकूमही पुढच्या धमनीच्याच हद्दीतून खाली येतात. सांधा कुठे वळला आणि हाड थरथरतंय का, या बातम्या पाठीकडच्या भागातून जातात. पुढची धमनी तुंबली की पहिल्या दोन्ही गोष्टी जातात आणि तिसरी शाबूत राहते. कुठली धमनी बंद पडली हे बर्फाच्या खड्याने आणि ट्यूनिंग फोर्कने खाटेपाशीच सांगता येतं. हे चित्र फिलाडेल्फियाच्या विल्यम स्पिलर यांनी 1909 मध्ये नोंदवलं, म्हणजे एमआरआय यायच्या कितीतरी आधी.

रक्त तुटल्याने पाय जातात हे त्याच्याही आधी कुणी पाहिलं होतं का? होय. डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोने सतराव्या शतकात एका प्राण्याच्या पोटातली महाधमनी आवळली, मागचे पाय लुळे पडले. गाठ सोडताच ते पुन्हा हलू लागले. त्यामागे मज्जारज्जूची उपासमार असते हे कळायला पुढे बराच काळ गेला. आज महाधमनीवरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सर्जनला सर्वांत मोठी धास्ती याचीच असते. त्यावरचा एक इलाज थक्क करणारा आहे: कमरेत बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं काढतात आणि रक्तदाब वाढवतात. बाहेरचा दाब उतरला की रक्ताला आत शिरायला वाट मिळते. शस्त्रक्रियेनंतर गेलेले पाय असे काही तासांत परत आल्याची उदाहरणं आहेत.

आपल्याकडे या धमन्यांचा आणखी एक जुना वैरी आहे, क्षयरोग. मुंबईच्या जेजे रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया आणि पॅथॉलॉजिस्ट डॉ. दाराब दस्तूर यांनी 1969 मध्ये मज्जारज्जूच्या आवरणाच्या दाहावर जोडीने दोन लेख लिहिले. क्षयामुळे या आवरणात साचणारा घट्ट स्राव मज्जारज्जूला वेढतो, त्यातून जाणाऱ्या धमन्यांना सूज येते आणि त्या आतून बंद होतात. पालघरच्या आदिवासी पाड्यांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही कोयत्यासारख्या वाकड्या लाल पेशी बारीक वाहिन्या अडवतात. पण गंमत म्हणजे सिकलसेलमध्ये मेंदूचा पक्षाघात काही दुर्मीळ नाही आणि मज्जारज्जूचा मात्र हाताच्या बोटांवर मोजावा असा.

पालघरमध्ये पहाटे उठल्यावर हातपाय चालेनात तर डॉक्टरांनी आधी आठवायची ती मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पोटात मात्र कळ येते. फरक डोळ्यांत दिसतो. मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. स्पर्श आणि वेदना शाबूत राहतात, कारण विष मज्जातंतू स्नायूला मिळतो तिथे मारा करतं. मज्जारज्जूच्या पक्षाघातात चेहरा टवटवीत असतो आणि शरीरावर ठरावीक रेषेखालीच सगळं बिघडतं. मज्जातंतूंच्या गियां-बारे आजारात पाय जायला सहसा काही दिवस लागतात, इथे बारा तासांच्या आत काय व्हायचं ते होऊन जातं. तिन्हींत 108ला फोन करायला उशीर करायचा नाही.

एमआरआयसाठी पालघरहून अनेकदा मुंबई, वापी किंवा सिल्वासा गाठावं लागतं. घाईघाईने पोचूनही पहिल्या तासांतला फोटो अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि नातेवाईक म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. नंतर आडव्या छेदात कधी दोन पांढरे ठिपके शेजारी शेजारी उमटतात. डॉक्टर त्यांना घुबडाचे डोळे म्हणतात. पाय चालवणाऱ्या पेशी मेल्या ती ही जागा.

गुठळी विरघळवून पाय परत आणण्याचा खात्रीचा उपाय इथे अजून सिद्ध झालेला नाही. तरी सगळं संपलं असंही नाही. मेयो क्लिनिकने 115 रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन 2012 मध्ये जे छापलं, त्यात व्हीलचेअरवरून घरी गेलेल्या दहांतले साधारण चार जण पुढे चालू लागले होते. लघवीची नळी सुटायला मात्र त्याहून जड जातं, आणि घरच्यांना खरा त्रास तिचाच असतो.

मज्जारज्जूच्या पक्षाघाताचा सर्वांत चमत्कारिक प्रकार मणक्याच्या चकतीचा. चकतीतला मऊ गर कसा कोण जाणे धमनीत शिरतो आणि ती बंद करतो. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आत तर रक्तवाहिन्याच नसतात. मग तो गर धमनीत पोचला कुठून? यावर तर्क पुष्कळ आहेत, एकमत नाही. माणसांत हे निदान पक्कं करायला मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकच लागतो, म्हणून अशी उदाहरणं थोडी. कुत्र्यांत मात्र हा नेहमीचा आजार आहे. चेंडूमागे धावणारा कुत्रा एकदम विव्हळतो, मागचा एक पाय ओढू लागतो, आणि पशुवैद्य फारसे चक्रावत नाहीत. बरेच कुत्रे काही आठवड्यांत पुन्हा धावूही लागतात.