फुरसुंगीच्या विहिरी, प्लास्टिकचे कण आणि पाण्यातील शिसे

पुणे शहराचा कचरा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. ढिगांतून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या, गावकरी टँकरवर आले. आंदोलने झाली, प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेले, २०१७ मध्ये गावे महापालिकेत आली. हे आपण बातम्यांत वाचले आहे. त्या पाण्यात नेमके काय मिसळते, याची चर्चा मात्र फारच कमी होते.

कचऱ्यातल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, मोडके इलेक्ट्रॉनिक सामान यांतून शिसे, कॅडमियम, क्रोमियम सुटतात. सोबत प्लास्टिक असते. त्याचे पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे म्हणजे मायक्रोप्लास्टिक. नव्या गुळगुळीत पिशवीला धातू फारसा चिकटत नाही. उन्हात जुनी झालेली पिशवी खरखरीत होते, तिच्या पृष्ठभागावर ऋणभार येतो आणि धनभारित शिसे, कॅडमियम तिथे बसतात. वर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढला की पकड आणखी वाढते. शिवाय काही प्लास्टिकमध्ये धातू मुळातच असतो. पिवळ्या-लाल रंगांत शिशाची किंवा कॅडमियमची संयुगे आणि जुन्या पीव्हीसी पाइपात शिसे वापरले गेले आहे.

एरवी धातू मातीला चिकटून बराचसा जागीच राहतो. प्लास्टिकचा बारीक कण त्याला पाठीवर घेऊन पुढे नेऊ शकतो. त्यात पुण्याखाली बेसॉल्ट खडक. इथे पाणी भेगांमधून वाहते, वाळूतून गाळले जावे तसे गाळले जात नाही. किनाऱ्याकडे प्रकार निराळा. उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते, त्यातील क्लोराइड कॅडमियमला ओढून घेते आणि कणावर बसलेला धातू परत पाण्यात येतो. म्हणजे प्लास्टिकने धातू धरला, आता पाणी सुरक्षित, असे समजण्यात अर्थ नाही.

पुण्यात हे प्लास्टिक डेपोवर पोहोचण्याआधी वेगळे काढण्याचे काम कचरावेचक भगिनी करतात. त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. भूजल वाचवणाऱ्या म्हणून त्यांचा उल्लेख कुठल्याही अहवालात व्हायला हवा, असे मला वाटते.

वस्त्यांमध्ये लोक टीडीएस मीटर दाखवून पाणी चांगले असल्याचे सांगतात. भारतीय मानकानुसार टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.०१ आणि कॅडमियमची ०.००३. एवढासा धातू त्या मीटरला दिसणारच नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही; उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. मायक्रोप्लास्टिकसाठी तर या मानकात मर्यादाच ठरवलेली नाही.

बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या अर्जात शिसे, कॅडमियम, क्रोमियम ही नावे स्वतंत्रपणे लिहावीत, नेहमीच्या तपासणीत ती असतीलच असे नाही. बोअर काही मिनिटे चालवून मगच नमुना घ्यावा. धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्यावी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासणी करावी, कारण झिरपा पावसात वाढतो.