ठिणगी पडण्यापूर्वी

बडोद्याहून कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडे निघाले म्हणजे दुरूनच नळ्यांचे जाळे दृष्टीस पडते. असल्या नळ्यांचे सांधे टिकणे हे सर्वस्वी वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, असा श्रोत्यांचा समज असेल. वस्तुतः सांध्याचे पुष्कळसे भवितव्य ठिणगी पडण्यापूर्वीच, कडा तयार करताना ठरून जाते.

जाड भिंतीच्या दोन नळ्या सपाट टोकांनी भिडवल्या, तर वितळलेला धातू वरच्या वर राहतो, तळाशी पोचत नाही. म्हणून टोके तिरकी उतरवतात. साधारण २२ मिलिमीटर जाडीपर्यंत हा उतार ३७.५ अंशांचा ठेवण्याचा प्रघात आहे. दोन टोके समोरासमोर आली की ७५ अंशांची खाच होते. (वर्गातल्या कोनमापकाला येथे खरे काम मिळते!) त्याहून जाड नळीत वरच्या भागाचा उतार १० अंशांवर आणतात, नाहीतर खाच फार रुंद होऊन धातू विनाकारण खर्ची पडतो.

मात्र कड सुरीसारखी धारदार करावयाची नसते. तळाशी सुमारे दीड मिलिमीटर सपाट ओठ राखतात आणि दोन ओठांमध्ये २ ते ३ मिलिमीटर फट ठेवतात. ओठ फार पातळ झाला तर तो जळून आत धातूचे थेंब लोंबतात. फार जाड राहिला तर तळाशी न वितळलेली रेघ उरते. ही रेघच खरी वैरीण. बाहेरून सांधा देखणा दिसतो. परंतु आत वाफेचा दाब आणि उष्णतेची चढउतार सुरू झाली की तडा तेथूनच निघतो. उच्च दाबाची वाफ फुटली तर जवळच्या माणसाला पळावयास अवधी मिळत नाही. म्हणूनच महत्त्वाच्या सांध्यांची क्ष-किरणांनी तपासणी करतात.

ज्योतीने कापलेल्या कडेवरची काळी खपली घासून चकचकीत धातू उघडा करावा लागतो. गंज, तेल, रंग, ओल यांतून वायू सुटतो आणि सांध्यात छिद्रे पडतात. यास्तव आतबाहेर इंचभर पट्टा स्वच्छ करतात. शिवाय नळ्या क्वचितच अगदी गोल असतात. आतल्या भिंती दीड मिलिमीटरहून अधिक खालीवर नसाव्यात. तशा असल्या तर पोट आतून कातून घेतात. साखळीने ओढून जुळवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तो ताण सांध्यातच कोंडून राहतो.

शेवटी फटीत वाकवलेली तार धरून चार ठिकाणी टाके घालतात, टाक्यांची टोके घासून निमुळती करतात, आणि तार काढून घेतल्यावरच कारागीर सांधा भरावयास घेतो.