पेट्रोलची वाट
(द्वितीय वर्ष, कला)

मोटारसायकल बंद पडली की तिचा मालक प्रथम किक मारतो, मग पुन्हा किक मारतो, मग टाकी हलवून पाहतो आणि शेवटी नशिबाला बोल लावतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि त्याआधी मी मामांच्या गॅरेजची पायरी चढलो होतो. सुट्टीत आजही मी तिथेच असतो. तिथे येणारी माणसे हौसेने गाडी फिरवणारी नसतात. कुणाच्या गाडीला दुधाच्या किटल्या अडकवलेल्या असतात, कुणाला कारखान्याची पाळी गाठायची असते. गाडी दोन तास अडली तर दूध नासते, पाळीचा खाडा पडतो. अशा घाईतल्या माणसाला कुणी ‘कार्बोरेटरच बदला’ म्हटले, तर तो निमूटपणे पैसे मोजतो. पुष्कळदा तो खर्च अनाठायी असतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्बोरेटरचे काम तसे साधे आहे. इंजिनात पेट्रोल जळते ते धारेने नव्हे, तर हवेत मिसळलेल्या बारीक तुषारांच्या रूपाने. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिन हवा ओढते तेव्हा ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते. तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. वेग आणि दाब यांचे हे नाते डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पुरा दाब असतो. तो पेट्रोलला जेट नावाच्या पितळी छिद्रांतून वर ढकलतो. गाडी जागेवर उभी असताना पायलट जेट काम करते, वेगात असताना मेन जेट.

आता पेट्रोलची वाट पाहू. टाकी, टाकीखालचा कॉक, पाईप, कार्बोरेटरची वाटी आणि शेवटी जेट. वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत गोळा वर आला की पाणी थांबते, तसाच हा फ्लोट एका सुईने पेट्रोल थांबवतो. दोष या वाटेवर कुठेतरी असतो. प्रश्न एवढाच की, कुठे?

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक पद्धती शिकवली. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी. परिणाम बदलला, तर कारण तिथेच शोधावे. मिलचा तो ग्रंथ १८४३ चा. सर फळ्यावर लिहीत होते आणि मला मामांचे हात दिसत होते. मामा सातवीपर्यंत शिकलेले. मिलचे नाव त्यांनी ऐकलेले नाही. पण ते एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि थांबून पाहतात.

आधी दोष ठिणगीचा की पेट्रोलचा, हे ठरवावे. चार-सहा किका मारून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल जास्त येते आहे, किंवा ठिणगी पडत नाही.

प्लग कोरडा निघाला, तर कॉक चालू ठेवून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करावा. धार अखंड आली तर वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे, दोष पुढे जेटमध्ये. धार थांबली तर दोष वरच्या बाजूला. मग टाकीचे झाकण उघडावे. झाकण उघडताच धार पुन्हा सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल खाली जाते तेवढी हवा टाकीत यावी लागते; ती आली नाही तर पेट्रोल अडते. गाडी काही अंतर चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, त्यामागे पुष्कळदा हेच छिद्र असते. झाकण उघडूनही धार आली नाही, तर पाईप आणि कॉक तपासावा.

इंजिन तापल्यावरही गाडी चोक ओढल्याशिवाय चालत नसेल, तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळते आहे. पायलट जेट बुजले असेल, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरत असेल. काळा धूर निघत असेल, तर आधी एअर फिल्टर पाहावा. खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, तर सुईखाली कचरा अडकला आहे किंवा फ्लोटला भोक पडले आहे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की ते जेट कायमचे गेले. ते हवेच्या दाबाने साफ करावे. आणि हे सारे उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. जवळपास विडी-काडी नको.

पावसाळ्यात टाकीत पाणी उतरते. वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले तर पाणी तळाशी दिसते. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. आपल्या उसापासूनही बनणारे हे इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. तेव्हा जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल, तर वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आले. पण दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या जुन्या गाड्या अजून आपल्या रस्त्यांवर आहेत, आणि त्यांच्या मालकांपाशी वायफळ खर्चाला पैसा नाही. झाकणाचे छिद्र मोकळे करायला एक टाचणी पुरते. म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी गॅरेजवाल्याला नुसते ‘काय झाले?’ असे विचारू नका, ‘कसे ओळखले?’ असेही विचारा. जाणकार कारागीर त्याचे उत्तर आनंदाने देतो.